फी माफ झाल्यानंतरचा खर्च

(अकादमीच्या वार्षिक व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘दारिद्र्य आणि शिक्षण’ असे दोनच शब्द कळवले. पुढची मांडणी माझ्यावर सोडली. विषय जगाएवढा आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार सुमारे पंचवीस कोटी मुले-मुली शाळेबाहेर आहेत. एवढा मोठा आकडा ऐकला की आपण हळहळतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. म्हणून मी आज एकच प्रश्न घेणार आहे. शाळा फुकट असते, जवळ असते, सरकार ‘या’ म्हणत असते, आणि तरीही गरिबाचे मूल शाळेत येत नाही, किंवा येते आणि टिकत नाही. असे का होते? आणि ज्या ज्या ठिकाणी हे थोडेफार बदलले, तिथे नेमके काय केले गेले?

बडोद्यात उभे राहून या प्रश्नाची सुरुवात दुसरीकडून करता येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली इथे दत्तक आला. तोपर्यंत त्याचे शिक्षण जवळजवळ झालेले नव्हते. पुढे महाराजा सयाजीराव म्हणून कारभार हाती घेतल्यावर त्यांनी १८९३ साली काठेवाडातल्या अमरेली तालुक्यात, मोजक्या गावांपुरते, सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू झाले. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. हे आपण सगळे जाणतो, अभिमानाने सांगतो. पण या योजनेतल्या एका कलमाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते म्हणजे दंडाचे कलम.

मूल शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड होई. काही कारणांसाठी सूट होती, पण नियम दंडाचा होता. आता विचार करा. फी नाही, शाळा गावात आहे, आणि तरी राज्यकर्त्याला दंड ठेवावा लागतो. याचा अर्थ मुलाला शाळेत पाठवण्यात त्या घराचे काहीतरी जात होते. फीखेरीज काहीतरी. गुरे कोण राखणार, धाकट्याला कोण सांभाळणार, कापसाच्या वेचणीला हात कमी पडले तर मजूर कुठून आणणार? सात-आठ वर्षांचे पोर म्हणजे त्या घरातले अर्धे माणूस होते. अर्थशास्त्रात याला मोठी नावे आहेत. आपण साधे ‘बुडालेली मजुरी’ म्हणू. फी माफ करणे राजाच्या हातात होते, बुडालेली मजुरी माफ करणे तेवढे सोपे नव्हते. त्यातच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. ज्या घरात दाणा नाही त्या घरातल्या पोराला पाटी घेऊन बस म्हणणे किती अवघड असते, याची कल्पना आपल्याला करता येईल. तरीही महाराज मागे हटले नाहीत, १९०६ चा कायदा त्यानंतरचा आहे. मुलींसाठी सक्तीची वयोमर्यादा मुलांपेक्षा कमी ठेवली होती, हेही नोंदवायला हवे. मुलीचे हात घरात अधिक लवकर लागतात हे त्या कायद्यानेही गृहीत धरले होते.

बडोद्याचा दाखला डोळ्यांसमोर ठेवून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. फार सावध विधेयक होते. स्थानिक संस्थांनी ठरवले तरच सक्ती, तीही सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती, आणि महिना दहा रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. नाही म्हणणाऱ्यांत केवळ इंग्रज अधिकारी नव्हते, आपले जमीनदारही होते. शेतात काम करणाऱ्याचे पोर शाळेत गेले तर शेतात कोण जाईल, ही भीती फक्त गरीब बापालाच होती असे नाही. त्या पोराच्या श्रमावर ज्यांचे चालत होते त्यांनाही होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके हेच बोट ठेवले होते. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. गोखल्यांच्या विधेयकाच्या जवळजवळ तीस वर्षे आधीची.

हे सगळे शंभर वर्षांपूर्वीचे झाले असे वाटेल. म्हणून आता आफ्रिकेकडे वळतो, कारण हाच प्रयोग तिथे आपल्या डोळ्यांदेखत झाला.

मलावी या छोट्या, अतिशय गरीब देशाने १९९४ साली प्राथमिक शाळांची फी रद्द केली. एका वर्षात सुमारे दहा लाख मुले वाढली. युगांडाने १९९७ साली फी माफ केली, पण सुरुवातीला एका कुटुंबातल्या चारच मुलांना. ज्या घरात सहा-सात मुले होती, तिथे आई-बापांनी कोणती चार निवडली असतील, याचा विचार करताना मला अस्वस्थ व्हायला होते. केनियात २००३ च्या जानेवारीत फी रद्द झाली आणि शाळांच्या दारांत रांगा लागल्या. पटावरची संख्या एकोणसाठ लाखांच्या आसपास होती, ती सत्तर लाखांच्या पुढे गेली. त्यानंतरच्या वर्षी एल्डोरेट गावाजवळच्या शाळेत किमानी मारुगे नावाचे एक गृहस्थ पहिलीत दाखल झाले. त्यांचे वय होते चौऱ्याऐंशी. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात ते लढले होते. लहानपणी शाळा परवडली नाही. आता फुकट आहे असे ऐकले, तेव्हा शाळेचा गणवेश शिवून, अर्धी चड्डी आणि पायमोजे घालून ते आले. बायबल स्वतः वाचायचे होते आणि सरकारकडून मिळणारे पैसे स्वतः मोजायचे होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या व्यासपीठावर जाऊन ते मोफत शिक्षणाविषयी बोलले. फी ही अडचण किती खरी असते हे त्यांच्याकडे पाहून कळते. कोणी म्हणते, ‘गरिबाला शिक्षणाची किंमतच कळत नाही.’ अशा माणसाला मारुगे यांची गोष्ट जरूर सांगावी.

पण त्याच देशांत दुसरेही घडले. मलावीत एकेका वर्गात शंभराहून जास्त मुले बसू लागली. वर्ग झाडाखाली भरू लागले. हजारो अप्रशिक्षित शिक्षक घाईने भरती करावे लागले. पहिलीत आलेली पुष्कळ मुले दुसरी-तिसरीत गळाली. केनियात गर्दी वाढली तशी ऐपत असलेल्या बऱ्याच पालकांनी आपली मुले खासगी शाळांत हलवली. सरकारी शाळेत उरली ती गरिबांची मुले. दार उघडले, पण आत बसायला जागा आणि शिकवायला माणूस पुरेसा नव्हता. ‘गरिबांसाठीची शाळा’ बघता बघता ‘गरीब शाळा’ होते, हा अनुभव केवळ केनियाचा नाही. मी शेवटी त्याकडे परत येणार आहे, कारण तो आपल्या फार जवळचा आहे.

बुडालेल्या मजुरीचे काय करायचे, या प्रश्नाला थेट हात घातला तो मेक्सिकोने. १९९७ साली तिथे ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना सुरू झाली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. पैसे रोख द्यायचे, ते आईच्या हातात द्यायचे, आणि शाळेबाबतची अट अशी, की मुलाची हजेरी ८५ टक्के हवी. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढे, कारण मूल मोठे होते तशी त्याची मजुरीही वाढते. माध्यमिक शाळेत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त होती, कारण त्या वयात मुलींची गळती जास्त. म्हणजे दंडाच्या बरोबर उलट. अमरेलीत न येण्याबद्दल पैसे घेतले जात होते, इथे येण्याबद्दल दिले जाऊ लागले. काही खेड्यांत योजना आधी आणि काहींत नंतर सुरू करून परिणाम काटेकोरपणे तपासले गेले. सर्वांत मोठा फरक दिसला तो प्राथमिक शाळा संपून माध्यमिक शाळा सुरू होते त्या टप्प्यावर. जिथे मुले हमखास गळत होती, तिथेच ती टिकली. ब्राझीलमध्येही त्याच दशकात अशीच योजना आली आणि पुढे देशभर पसरली. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन दिले. तिथल्या अटींत हजेरी होती, गुण होते, आणि आणखी एक अट होती: मुलीचे लग्न झालेले नसावे. शिक्षण आणि लग्न यांची गरिबाच्या घरात कशी गाठ असते, ते त्या अटीत सगळे आले.

आपल्याकडेही या दिशेने साधे, पण नेमके उपाय झाले आहेत. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आली. जिथे माध्यमिक शाळा गावापासून लांब होती तिथे मुलींची संख्या ठळकपणे वाढली. अंतर हाही खर्च असतो. मुलीच्या बाबतीत तो भीतीच्या रूपात मोजला जातो. सायकलीने तो कमी केला. आणि भूक? मद्रास शहरात १९२० च्या दशकातच पालिकेच्या शाळांत जेवण देण्याचा प्रयत्न झाला होता. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ पासून तो राज्यभर वाढवला गेला, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठे रूप दिले. देशपातळीवर योजना १९९५ साली आली, पण बहुतेक राज्ये शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्य वाटत होती. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला. धान्याची पिशवी घरी जाते, शिजलेले जेवण मुलाच्या पोटात जाते, आणि त्यासाठी मुलाला शाळेत यावे लागते. शिवाय सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसतात. कुठे कुठे दलित बाईने शिजवले म्हणून पंगत उठल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. तरीही ती पंगत दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी ती बसते.

मराठी मुलखाला ही समज नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच परंपरेतले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही भाऊरावांची घोषणा आपण एक बाणेदार वाक्य म्हणून फलकावर लिहितो. तो मुळात बुडालेल्या मजुरीला दिलेला जबाब होता. मुलाच्या हातांना काम हवेच असेल तर ते शाळेतच द्या, म्हणजे काम आणि शाळा यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.

आता मी आपल्या प्रदेशाकडे येतो. मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेर जिथे जिथे वस्ती केली, तिथे आपली ओळख राजघराणी, सरदार, कारकून, शिक्षक, गायक-वादक अशी राहिली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद यांचा इतिहास आपण असाच सांगतो. पण आज दक्षिण गुजरातेत, म्हणजे बडोद्याहून रेल्वेने दोन-तीन तासांवर, दरवर्षी हजारो माणसे महाराष्ट्रातून येतात आणि त्यांचा उल्लेख आपल्या कुठल्याही स्नेहसंमेलनात होत नाही. बारडोली, मढी, चलथाण या साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीसाठी धुळे, नंदुरबार, नाशिक आणि डांग भागांतून टोळ्या येतात. दिवाळीच्या आसपास निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवर बीड आणि आसपासच्या भागांतून अशाच टोळ्या जातात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही.

या कुटुंबांतल्या मुलांचे वर्ष कसे असते पाहा. जूनमध्ये गावच्या शाळेत नाव असते. चार-पाच महिने शाळा होते. मग आई-बापांबरोबर पडावावर, प्लास्टिकच्या कोपीत. आई पहाटे फडात जाते, तेव्हा आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. मुलगा मोळ्या बांधू लागतो किंवा वाढे गोळा करतो. परत येईपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. पटावर नाव आहे, म्हणून आकडेवारीत हे मूल शाळेत आहे. आणि कोयत्याला जोडीच लागते, म्हणून मुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे कल असतो. बांगलादेशाने विद्यावेतनाला लग्नाची अट का घातली, ते इथे बसल्या जागी समजते.

यात भाषेचा प्रश्न कुठे येतो? तो इथेच येतो. नंदुरबारकडच्या मुलाच्या घरी भिली, मावची किंवा पावरी असते, धुळ्याच्या मुलाच्या घरी अहिराणी. शाळेत प्रमाण मराठी. पडावाजवळच्या शाळेत गुजराती. बेळगावकडे गेलेल्या मुलासमोर कन्नड. एका वर्षात तीन भाषा, आणि एकीतही धड वाचता येईपर्यंत मुक्काम नाही. जगातले सुमारे चाळीस टक्के लोक आपल्याला कळणाऱ्या भाषेत शिकू शकत नाहीत, असे युनेस्कोने २०१६ साली म्हटले होते. पहिली वर्षे मुलाच्या भाषेत शिकवा, हे तीच संस्था १९५३ पासून सांगत आली आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाला शाळेची भाषा परकी असली तरी घरी पुस्तके असतात, शिकवणी असते, आईला शाळेशी बोलता येते. भाषेचा परकेपणा तो पैशाने भरून काढतो. गरिबाच्या मुलाला तो पूर्ण सोसावा लागतो. म्हणून माध्यमाचा प्रश्न अस्मितेचा असेल तेव्हा असो, सर्वांत आधी तो गरिबाच्या मुलाला वर्गात काय चालले आहे ते कळते की नाही, याचा आहे. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. ती सगळी मुले शाळेत होती.

गोव्यातला अनुभव याच्या दुसऱ्या बाजूने पाहण्यासारखा आहे. १९६१ साली पोर्तुगीज सत्ता गेली, १९६३ च्या अखेरीस दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कुळे आणि मुंडकार यांच्या घरांतली पहिली पिढी या शाळांत शिकली. शाळा वाड्यावर आली, कळणाऱ्या भाषेत आली, मास्तर गावात राहू लागला, आणि मुले आली. भाषिक राजकारणाबद्दल मते वेगळी असतील, पण बहुजनांच्या घरात अक्षर पोचले ते या शाळांनी, हे कोणी नाकारणार नाही. आज त्याच शाळा पट कमी म्हणून एकामागून एक बंद होत आहेत. इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी शाळांची कथा तुम्हाला मी सांगायला नको.

इथे मी केनियाच्या त्या वाक्याकडे परत येतो. आपल्या मराठी शाळांतून आधी कोण गेले? ऐपत असलेले गेले. आपल्यापैकी बहुतेकांची नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. त्यात मी कुणाला दोष देत नाही, प्रत्येक आई-बाप मुलाचे भले पाहतो. पण त्यानंतर उरलेल्या मुलांच्या गरीब पालकांना ‘मराठी टिकवा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. भाषा टिकवण्याचे ओझे धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाने वाहावे आणि आपण तिच्या शाळेच्या शताब्दीला भाषण करावे, हे बरे नाही. त्या बाईला शाळा जवळ हवी आहे, शिकवणारा शिक्षक हवा आहे, आणि मुलाला पुढे इंग्रजीही यायला हवी आहे. यातले तिचे काहीच चूक नाही. मराठी शाळा हे सगळे देत असेल तर ती मराठी शाळेत येईल. मराठी शाळेचा पट वाढवायचा तर ती शाळा चांगली करावी लागेल, दुसरा जवळचा रस्ता मला दिसत नाही.

शिक्षणाने सगळे प्रश्न सुटतात असा माझा दावा नाही. त्यासाठीही याच शहराचा दाखला पुरेसा आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिकून १९१७ साली नोकरीसाठी इथे परतले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. कामाठी बागेत काही तास काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. जगातल्या उत्तम विद्यापीठांत शिकलेल्या माणसाला शिक्षणाने घर मिळवून दिले नाही. शिष्यवृत्ती दरबाराची होती, घरे लोकांची होती. मात्र त्याच शिक्षणाने पुढे त्यांच्या हाती घटना लिहिण्याचे काम आले. त्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले. ती मुदत १९६० साली संपली. हक्काचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. पन्नास वर्षे उशीर झाला, आणि त्या पन्नास वर्षांत किती पिढ्यांची शाळा हुकली याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या गावापुरता करून पाहावा.

शेवटी आपल्या हातातले काय, एवढेच बोलतो. ही भाषेची अकादमी आहे, शिक्षण खाते नव्हे. पण सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणावर काम थांबवले नव्हते. शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतो हे जाणून त्यांनी १९१० नंतर गावोगावी वाचनालये काढली, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी मराठी-गुजराती पुस्तकमाला काढल्या. हे काम नक्कीच भाषेच्या अकादमीचे आहे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली शिक्षकांसाठी. तुमच्या शाळेच्या पटावर असूनही दिवाळीनंतर न दिसणाऱ्या मुलांची एक साधी वही ठेवा: कुठे गेले, कुणाबरोबर, परत कधी आले. परत आलेल्या मुलाला मागच्या बाकावर न बसवता जिथे सोडले तिथून उचला. दुसरी लेखकांसाठी. मराठी-गुजराती आणि मराठी-कन्नड अशी जोडभाषेतली सोपी, चित्रमय वाचनपुस्तके आपण लिहू शकतो, आणि त्यांत अहिराणी, भिली, पावरी शब्दांना जागा देऊ शकतो. पडावावरच्या मुलाच्या हातात मोठ्या अक्षरांतले सोळा पानांचे पुस्तक पडले तर ते आपल्या एखाद्या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीपेक्षा कमी मोलाचे नाही. अकादमीने वर्षाला निदान चार अशा पुस्तकांसाठी अनुदान राखून ठेवावे, अशी माझी जाहीर विनंती आहे. तिसरी विद्यार्थ्यांसाठी. हंगामात महिन्यातून दोन रविवार पुस्तकांची एक पेटी घेऊन जवळच्या पडावावर जा. शिकवायला जाऊ नका, वाचून दाखवायला जा. मुले काय विचारतात ते लिहून आणा. पुढच्या वर्षीच्या या अंकात तुमची ती टिपणे छापली जावीत.

बुडालेली मजुरी आपण भरून देऊ शकणार नाही, ते काम सरकारचे आहे आणि ते त्याने करावे म्हणून बोलत राहणे आपले आहे. पण ज्या दिवशी त्या मुलाला शाळेत यायला मिळेल, त्या दिवशी त्याला कळणाऱ्या भाषेतले पुस्तक तिथे असले पाहिजे. तेवढे आपल्याला जमण्यासारखे आहे.